सकाळी आठचा साठा

"म्याडम, तुमच्या स्क्रीनवर तीन पिशव्या हायत म्हनं. हितं तर एक बी न्हाय."

फोनवर करकंबचे महादेव होते. बायको सोलापुरात एका दवाखान्यात, सिझेरियननंतर रक्तस्राव थांबेना. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. दवाखान्यानं आमचा स्क्रीन बघून त्यांना या रक्तपेढीत धाडलं होतं. पेढीतल्या सिस्टरनी वैतागून थेट मलाच फोन लावून दिला.

शहरातल्या पेढ्यांचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. त्यात बऱ्याच सर्व्हिसेस, म्हणजे छोटे प्रोग्राम; प्रत्येक सर्व्हिस एकेकाच प्रश्नाचं उत्तर देते. कुठली काय सांगते, माहिती कधीची, जबाबदार कोण, हे तिच्या कार्डावर लिहायचं. त्याला मेटाडेटा म्हणतात. डब्यावरची चिठ्ठी समजा. स्क्रीन चिठ्ठी वाचून डबा निवडतो, झाकण उघडून बघत बसत नाही.

मी कार्डं उघडली. 'चालू साठा' या प्रकारात दोन सर्व्हिसेस. एक दर मिनिटाचा साठा सांगणारी. दुसरी रिपोर्टची, सकाळी आठचा आकडा दिवसभर सांगणारी. स्क्रीननं नेमकी दुसरी उचललेली. तिचं कार्ड पहिलीवरून कॉपी मारलेलं, फक्त नाव बदललेलं. जबाबदार: रिकामं.

रिकामं कसलं, ते कार्ड मीच केलेलं, जबाबदार मीच. कंपनीतल्या सरांच्या डेमोसाठी घाईत उरकलेलं.

"म्याडम, ऐकताय न्हवं?"

"ऐकतेय. फोन ठेवू नका."

पहिल्या सर्व्हिसला विचारलं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पेढीत एक पिशवी दाखवत होती. पण आता स्क्रीनवर माझाच भरवसा नव्हता. दुसऱ्या फोनवरून तिथे फ्रिज उघडून बघायला लावलं, पिशवी राखून ठेवायला सांगितलं, मग महादेवना पत्ता दिला.

"नक्की हाय न्हवं?"

"हातात घेऊन बघितलीय त्यांनी."

बाई वाचली. सर म्हणाले, "वाचली ना? मग दुरुस्त कर आणि सोड की."

मी सोडलं नाही. आता प्रत्येक कार्ड फोनवरून त्याच सिस्टरना वाचून दाखवते. त्यांना उलट प्रश्न विचारावा लागला, की कार्ड नापास. पहिलं नापास माझंच. रिपोर्टवाल्या सर्व्हिसच्या नव्या कार्डावर मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'साठ्याचा दैनिक सारांश'. त्या म्हणाल्या, "म्हणजे आत्ता फ्रिजमध्ये आहे का नाही?"

त्या कार्डावर आता लिहिलंय: हा सकाळी आठचा आकडा आहे. यावरून माणूस पाठवू नये. खाली जबाबदार म्हणून माझं नाव आहे, पूर्ण.