जवसाच्या मुलखात लिनन

बिशप महाराजांची पेटी त्यांच्या एक दिवस आधी आली. बैलगाडीवाल्याने ती पडवीत उतरवली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "गोदावरीत चाक रुतलं अन् पेटीत पानी शिरलं, शिंपीदादा. पन आमी कपडे वाळवूनच आनलेत."

मी पेटी उघडली. मेणकापडात गुंडाळलेला रेशमी झगा, हातमोजे, उंच टोपी, सगळं कोरडं होतं. तळाशी आल्ब होता. आल्ब म्हणजे मिस्सेच्या, वेदीवरच्या उपासनेच्या वेळी सगळ्या वस्त्रांच्या आत घालायचा पायघोळ पांढरा झगा. तो उचलून उजेडात धरला. छातीपासून गुडघ्यापर्यंत समोरची बाजू चिंधड्या झाली होती.

"हे कुठं वाळवलंत?"

"काट्याच्या कुपावर. आमचे बी तिथंच वाळतात की! वारं लई होतं... कावून हो, काय झालं?"

इथे सगळेच बाभळीच्या कुपावर, काटेरी कुंपणावर कपडे टाकतात. जाड्याभरड्या धोतराला काटा काही करत नाही. त्या माणसाने जीव लावून काम केलं होतं, त्याला काय बोलणार? पाणी पाजून त्याला वाटेला लावलं.

मी वसईकडचा. बाप होडीसकट समुद्रात गेला आणि तिसरीतच माझी शाळा सुटली. इथले म्हातारे फादर तेव्हा आमच्या गावात होते; त्यांनी मला सुईदोरा शिकवला, आणि निजामाच्या मुलखात त्यांची बदली झाली तेव्हा मला बरोबर आणलं. तेलगावजवळचं मिशनचं हे ठाणं म्हणजे मातीच्या भिंतींचं देऊळ आणि दोन खोल्या. मी तिथला शिंपी, आचारी, घंटा वाजवणारा, सगळंच होतो. आता ते ठाणं बंद करायचं चाललं होतं. बिशप महाराज दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांवर हात ठेवून त्यांची श्रद्धा पक्की करायला येणार, आणि देऊळ कसं चाललंय ते पाहून जाताना निकाल सांगणार होते. ठाणं गेलं असतं तर फादरना कुठेतरी खोली मिळाली असती. मला परत जायला घरच नव्हतं.

फादरना जवळजवळ दिसत नसे. मी फाटका आल्ब त्यांच्या हातात दिला. बोटांनी चाचपून ते म्हणाले, "ठिगळ लाव. पण लिननचंच. सुती कापड चालत नाही, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. फादरचा आल्ब द्यावा, तर तो मुळातच ठिगळांचा आणि बिशप महाराजांच्या गुडघ्याला येईल एवढा. तेलगावच्या बाजारात गेलो तर रस्ताभर कापसाच्या गाड्या. दोन्ही बाजूंना जवसाची शेतं निळी फुललेली. लिनन त्याच जवसाच्या काडीच्या धाग्याचं बनतं, पण इथे ती काडी कोणी सोलत नाही, कोणी कातत नाही.

कापडवाल्या चाचांना विचारलं तर ते हसले. "जवसाचं कापड? अबे, जवसाची चटनी खातो आमी. ती काय अंगात घालतेत?"

"चाचा, थट्टा करू नका. माझी भाकर जाईल."

माझं तोंड पाहून ते उठले. फडताळं उपसली, आतल्या घरातली पेटीसुद्धा पाहून आले. शेवटी मलमलीचा एक तुकडा पुढे केला. "याच्याहून बारीक आख्ख्या मुलखात न्हाई. वरून रेशमी झगा येतोय ना? आत काय हाय, कोन बघतंय बे?"

मलाही तेच वाटलं. आलो आणि तुकडा फादरच्या हातात ठेवला. त्यांनी तो गालाला लावला.

"हा कापूस आहे. लिनन गार लागतं."

"फादर, कोणाला दिसणार नाही हो!"

"मलाही दिसत नाही." त्यांनी तुकडा घडी करून मला परत दिला. "नसेल लिनन, तर मिस्सा होणार नाही असं मीच बिशप महाराजांना सांगेन."

मी देवळात जाऊन फरशीवर बसलो. प्रार्थना सुचेना. ठाणं गेलं, आपण गेलो, एवढंच डोक्यात. समोर वेदी होती. वेदीवर एकावर एक तीन लिननची कापडं लागतात, तो नियम. ती मोजताना आठवलं, की खालचं एक लांब कापड दुमडून घातलं तर ते दोनांच्या जागी चालतं, हे फादरनीच मला शिकवलं होतं. म्हणजे एक उरतं!

फादरना बोलावून सांगितलं, पण आशीर्वाद दिलेल्या कापडाला कात्री लावायला हात धजेना. फादरनीच माझा हात धरून कापडावर ठेवला. "काप."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेवटचा टाका घातला, तेव्हा बिशप महाराजांची गाडी दारात येत होती.

सकाळी देऊळ भरलं. मिस्सेआधी खायचं नसतं, म्हणून सगळे उपाशीपोटी. मी आल्ब पुढे केला आणि तो घालता घालता महाराज थांबले. ठिगळाचा रंग जुना, पिवळसर. एका कोपऱ्यात मेणाचा डाग राहून गेला होता.

"हे कसलं कापड?"

"लिनन, महाराज." मी डागावर बोट ठेवलं. "वेदीवरचं."

त्यांचा चेहरा कठोर झाला. तसेच ते वेदीपाशी गेले आणि वरच्या कापडाची कड उचलली. दुमडलेली घडी बोटाने उलगडून तीन पदर मोजले, नीट होती तशी ठेवली. परत येऊन माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. कमरेची दोरी बांधायची होती. मी गाठ मारली.

निघताना ते फादरना म्हणाले, "ठाणं राहील. हा माणूसही राहील. पण तुम्ही आता चला. तुमचे डोळे गेले."

ज्यांच्याजवळ राहता यावं म्हणून मी धडपडलो, त्यांनाच माझ्या हाताने गाडीत बसवलं. त्यांनी माझं डोकं चाचपलं, आल्ब चाचपला होता तसंच. मग गाडी जवसाच्या शेतांमधून गेली.

त्यानंतर पुष्कळ फादर आले आणि गेले. नवी कापडंही आली. वेदीवरचं खालचं कापड मी अजून दुमडूनच घालतो.