बेडूक राहिला

परवा आनंदनगरला आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला, यंदा कोणी काय काय वाचलं. मी म्हटलं, "कासवाची गोष्ट." सगळ्या खदखदून हसल्या. चाळिशी उलटलेली बाई, अख्खं स्टोअर सांभाळते आणि वाचते काय, तर कासवाची गोष्ट! हसा म्हटलं. खरं सांगितलं असतं तर कुणाच्या घशाखाली घास उतरला नसता.

माझं यंदाचं वाचन सुरू झालं ते उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलच्या बाकड्यावर. बाबांच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला, गळ्याला भोक आणि त्यात नळी. वहिनीने मला वेळ घालवायला एक पुस्तक आणून दिलं. विचार चांगले ठेवले की आजार पळून जातात, असं त्यात पानोपानी लिहिलेलं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे काय, माझ्या बाबांनी विचार वाईट केले म्हणून गाठ झाली का? बोडक्याचं पुस्तक! ते मी तिथेच बाकड्यावर सोडून आले.

मग कुणा डॉक्टरने मरणावर लिहिलेलं एक पुस्तक हाती आलं. ते चांगलं होतं, म्हणून जास्त छळलं त्याने. जाणाऱ्या माणसाला काय हवंय हे घरचे विचारत नाहीत, स्वतःला जे सोसवतं तेच करत बसतात, असं त्यात होतं. मी तिथे पेन्सिलीने रेघ मारली. रेघ मारली आणि विसरले.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी बाबांना विठ्ठलवाडीच्या चाळीतून सोनिवलीला माझ्या फ्लॅटवर आणलं. मी एकटीच असते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. नेमका वर्षावास सुरू होत होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. एक जण वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात, आणि शेवटच्या दिवशी तथागतांच्या महापरिनिर्वाणाचं प्रकरण वाचून समाप्ती होते. मग खीर. विठ्ठलवाडीच्या विहारात हे वाचन वर्षानुवर्षं बाबाच करायचे. कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे, पांढरा सदरा चढवायचे आणि बसायचे. आवाज असा, की मागच्या बाईलाही शब्द न् शब्द कळावा.

यंदा त्यांनी ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटाने दाखवलं, तू वाच.

पहिल्या पाळीहून दुपारी घरी आले की मी चहा टाकायची आणि वाचायला बसायची. बाबांना ग्रंथ पाठच होता. माझा शब्द चुकला की लोखंडी पलंगाच्या दांडीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. ओळ सुटली तरी टकटक. "अहो बाबा, दमले मी, जरा चालवून घ्या की!" म्हटलं तरी टकटक. आवाज गेला, पण माणसाचा दरारा काही गेला नव्हता.

पावसाळा सरत आला तसे बाबा वाळत गेले. पातळ पेजही नळीशी झगडून उतरायची. इकडे ग्रंथाची पानं कमी कमी होत चालली. आणि माझ्या मनात एक खूळ शिरलं. ग्रंथ संपला की बाबा जाणार. संपला नाही, तर जाणार नाहीत.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, नवस बोलत नाहीत. आई होती तेव्हा एकदा तापाने फणफणली, शेजारणीने दाराला लिंबू-मिरची बांधली, तर बाबांनी ती सोडून लिंबाचं सरबत केलं आणि त्या शेजारणीलाच पाजलं. त्या माणसाची लेक मी, आणि पानं मोजून बापाचं आयुष्य लांबवायला निघाले होते. लाज वाटत होती, पण करत होते.

खूण म्हणून घातलेला कागद मी गुपचूप मागे सरकवायची. वाचलेलं प्रकरण पुन्हा वाचायला घ्यायची. टकटक. "हे झालंय? नाही हो बाबा, तुम्हाला काल झोप लागली होती." वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. आश्विनी पौर्णिमा आली, विठ्ठलवाडीला समाप्ती झाली, वहिनी डब्यात खीर घेऊन आली. बाबांनी एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. आमचं वाचन अजून मागेच रेंगाळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आले तर ग्रंथ त्यांच्या छातीवर उघडा. शेवटचं प्रकरण. ओळीवर बोट.

"नाही वाचणार," मी म्हटलं.

टकटक.

"नाही म्हणजे नाही! हे संपलं की तुम्ही जाल. मग मी काय करू? कुणाकडे बघू?" एवढं बोलले आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले.

बाबा हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि गळ्यातल्या नळीतून वारा सूं सूं येत होता. हसता हसता ठसका लागला, मी घाबरून पाठ चोळली. श्वास बसल्यावर त्यांनी पुन्हा बोट त्याच ओळीवर ठेवलं. ती पेन्सिलीची रेघ मला तेव्हा आठवली. मी डोळे पुसले आणि वाचलं. सगळं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. बाबांनी हात जोडले.

रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत. सकाळी डोळा उघडला तर बाबा जागे. माझ्याकडे टक लावून बघत होते. स्वतःच्या छातीवर पेराने टकटक केली. बघ, आहे की मी! अशी ऐट, जणू वादात मला चारी मुंड्या चीत केलं. मला हसूही आलं आणि रागही आला.

आता काय वाचू विचारलं, तर त्यांनी दोन बोटं चादरीवर टुणकन उडवली. बेडूक. मला लगेच कळलं.

मी लहान असताना उल्हासनगरच्या सिंधी रद्दीवाल्याकडून, साईंकडून, त्यांनी मला गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. पहिलं पान नव्हतं, म्हणून नाव माहीत नाही. एक कासव बाजाराला निघतं. वाटेत भेटेल त्याला विचारतं, "बाजार उठला का हो?" मुंगी सांगते, ससा सांगतो, मग बेडूक, मग म्हैस, "नाही अजून, चाल तू." शेवटी कासव पोहोचतं तेव्हा बाजार उठलेला असतो. एक म्हातारी तेवढी टोपली झाकत असते, ती त्याला हातातला उरलेला मुळा देते. बाबा पाळी करून आलेले, डोळ्यांवर झोप, रोज बेडूक गाळून थेट म्हशीवर जायचे. मी त्यांच्या गुडघ्यावर मूठ आपटायची, "बेडूक राहिला!" की बिचारे मागे यायचे आणि बेडकाच्या आवाजात बोलायचे.

चाळीतल्या पेटीतून मी ते पुस्तक आणलं. रोज दुपारी तीच गोष्ट. मी मुद्दाम बेडूक गाळायची, ते टकटक करायचे. मी बेडकाच्या आवाजात वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. दिवसेंदिवस टकटक बारीक होत गेली, पण चुकली एकदाही नाही.

एका दुपारी मुंगी झाली. ससा झाला. मान वर केली तर नळीतला वारा थांबलेला. हाताला हात लावला, हाक मारली, पुन्हा मारली. ग्रंथ संपला तेव्हा न गेलेला माणूस गोष्ट अर्धी असताना गेला होता.

वहिनीला फोन करायचा होता, विहारात कळवायचं होतं. मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. आधी गोष्ट पुरी करायची होती. त्यांच्या दांडीवरच्या हाताशी सरकून बसले आणि मोठ्याने वाचायला लागले.

बेडूक गाळला. थेट म्हशीवर गेले आणि थांबले. बराच वेळ थांबले.

मग मीच मागे आले आणि बेडकाच्या आवाजात म्हटलं, "नाही अजून, चाल तू."