राणीची पावलं

मुलगी फोनवर हसली की हल्ली आई हातातलं काम थांबवते. पूर्वी ती आधी बोलायची आणि मग हसायची. आता "कशी आहेस?" विचारलं की आधी हसते, थोडी थांबते आणि मग "मस्त" म्हणते. त्या थांबण्यात खोलीत आणखी कोणी तरी कान देऊन बसलं आहे असं वाटत राहतं. बसलेलं असतंच. फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मागून जावयाचा मऊ आवाज येतो, "आई, तब्येत काय म्हणते?"

जावयाला नाव ठेवायला जागा नाही. आवाज चढवत नाही, येताना फळं आणतो, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो. "तुला सगळीकडे काळंच दिसतं," असं बाबा म्हणतात, आणि आईला ते खरंही वाटतं. पण काळजी काही जात नाही. दाढेत तूस अडकलं की जीभ जाते तसं मन पुन्हा पुन्हा तिथेच जातं.

लहानपणी बाबांनीच मुलीचं नाव टिपकागद ठेवलं होतं. कोणी काही बोललं की ही शब्दच्या शब्द टिपून घ्यायची आणि आठ दिवसांनी बाहुलीच्या तोंडी घालायची. शेजारच्या काकूंनी एकदा बाहुलीच्या तोंडून स्वतःचं नवऱ्याशी झालेलं भांडण ऐकलं, आणि पुढचे सहा महिने त्या आपल्या खिडक्या लावून भांडल्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "हिला मनानं काही रचता येत नाही. पण कान फार चांगले आहेत."

त्याच कानांवर ती आता कमावते. ती आणि जावई घरात बसून संगणकावरचे खेळ बनवतात. आकडे त्याचे, शब्द तिचे. सध्याचा खेळ जुन्या जपानमधला आहे, पण इतिहासात कधी नव्हता अशा जपानमधला. तिथे बंदूक आलीच नाही. सामुराई तलवारीपेक्षा मिशीलाच जास्त तेल लावतात, आणि दोन किल्ल्यांमधल्या तहाची बोलणी गरम पाण्याच्या हौदात, अंगावर सूतही न ठेवता होतात. पडद्यावर चित्र, खाली संवाद आणि प्रत्येक वळणावर तीन-चार पर्याय. बरोबर निवडला तर शत्रू पळतो, चुकला तर किल्ला पडतो. सुरुवातीलाच ठळक अक्षरांत लिहिलं आहे, फक्त प्रौढांसाठी.

आईनं सव्वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे खेळ तपासायचं काम तिच्याकडे आलं. दर शुक्रवारी मुलगी नवा भाग पाठवते. आई वहीत झाडासारखा तक्ता काढते, एकेक फांदी खेळून पाहते आणि शेवटाला पोचली की खूण करते.

"तुझ्या प्रतीत हौदाच्या जागी पडदा पडेल हं," मुलीनं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"का? पडद्यामागे चुका नसतात का?"

"आई, ते तसलं आहे."

"अगं, दोन बाळंतपणं झाली माझी. पडदा काढ आणि पाठव."

आईनं ते प्रसंगही तपासले, आणि एका सेनापतीनं शिरस्त्राण सोडून सगळं उतरवलं होतं तिथे शेरा मारला, "हा मागच्याच पानावर कपड्यांसकट निघून गेला आहे." त्या दिवशी दोघी बराच वेळ हसत होत्या. तेव्हा मुलगी आधी बोलायची.

खेळातल्या मुदपाकखान्यातली म्हातारी कोण, हे आईनं पहिल्या वाक्याला ओळखलं. "दिवा मालव, तेल काय तुझ्या सासऱ्याच्या घरून येतं?" म्हातारी जे जे बोले ते सगळं आईचं होतं, अगदी खोकल्यासकट. बाबा किल्ल्याच्या दारावर पहारेकरी होते आणि प्रत्येक शत्रूला आधी गुडघ्याचं दुखणं सांगत. टिपकागदानं आयुष्यभर टिपलेलं सगळं घर त्या किल्ल्यात वसवलं होतं.

सगळ्यात मजेदार होता किल्लेदार. राणी त्याची बायको, तिच्यावर त्याचा भारी जीव. इतका की त्यानं पावलांचा कारकून नेमला होता. हा कारकून छोटा ढोल घेऊन राणीच्या मागे फिरे आणि संध्याकाळी हिशेब देई, "राणीसाहेब आज बाराशे चाळीस पावलं चालल्या. पैकी तीस विनाकारण." मग किल्लेदार अतिशय प्रेमानं विचारी, "ही तीस कुठे नेलीस गं?" आईची हसून हसून पुरेवाट झाली होती.

गेल्या महिन्यात ती दोन दिवस मुलीकडे राहून आली. दाराशी जावयाचेच बूट होते. मुलीच्या चपला आतल्या कपाटावर, हात पोचणार नाही इतक्या उंच. "धूळ बसते ना खाली," जावई म्हणाला. दुपारी तिघं जेवायला बसली. त्यानं मुलीला आग्रहानं वाढलं, मग आपल्या फोनकडे पाहत सहज म्हणाला, "आज पावलं बाराशेच्या वर गेली. दुकानात जाऊन यायला तर सातशेच लागतात."

मुलगी हसली, थोडी थांबली आणि म्हणाली, "लिफ्ट बंद होती."

 "हिला मनानं काही रचता येत नाही," हे शाळेतल्या बाईंचं वाक्य आईला आठवलं. म्हातारी आपली, पहारेकरी बाबांचा. मग किल्लेदाराची वाक्यं कुणाची, हा प्रश्न तिनं हसता हसता स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

परत आल्यावर तिनं राणीच्या सगळ्या फांद्या पहिल्यापासून खेळल्या. अकरा वाटा होत्या. प्रत्येक वाटेवर कुठे ना कुठे "वेशीबाहेर जा" असा पर्याय येत होता, फिक्या अक्षरांत. त्यावर बोट ठेवलं तरी काहीच होत नसे. अकराही ठिकाणी तेच. तपासनिसाच्या सवयीनं तिनं फोन केला. तो जावयानंच उचलला.

"ती चूक नाही, आई," तो म्हणाला. "राणीची निष्ठा चाळीसच्या खाली गेली की तो पर्याय उघडतो. मी ती शंभरावर बांधून ठेवली आहे."

"मग तो ठेवलाय कशाला?"

"तिनं लिहिलाय. असू दे म्हटलं, बिचारी हौसेनं लिहिते. मी काही तिचे शब्द वाचत बसत नाही." मग अगदी समजावणीच्या सुरात, "आणि राणी गेली तर खेळच संपतो ना."

आईनं फोन ठेवला आणि ती बराच वेळ फडक्यानं तेच टेबल पुसत राहिली.

आज शुक्रवार. दुपारी नवा भाग आला, नेहमीपेक्षा लहान, एकाच प्रसंगाचा. राणी अंगणात उभी आहे. कारकुनाचा ढोल भिंतीपलीकडे वाजतो आहे. मुदपाकखान्याच्या दारातून म्हातारी तिला हळूच म्हणते, "चपलांचं राहू दे. मी खाली उभी आहे." खाली पर्याय एकही नव्हता. प्रसंग तिथेच थांबत होता.

आईनं ते वाक्य तीनदा वाचलं. मग आजवर आपण मुलीला काय काय म्हटलं ते आठवायला बसली. दिव्याचं, तेलाचं, जेवणाचं, अभ्यासाचं, सगळं आठवलं. हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं. जे ऐकलं तेच लिहिणाऱ्या मुलीनं पहिल्यांदाच आपल्या आईच्या तोंडी न ऐकलेलं वाक्य घातलं होतं.

तिनं वही मिटली आणि माळ्यावरची पिशवी ओढली. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"कुठे?"

"टिपकागदाकडे."

"कळवलंस का?"

"तिथून कळवते."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग महिनाभर पोटात ठेवलेली पावलांची आणि चपलांची हकिकत तिनं उभ्या उभ्या सांगितली.  बाबा उठले आणि तिचा फोन आला की लगेच निघता यावं म्हणून त्यांनी दाराशी आपले बूट काढून ठेवले. मग आतून आईच्या जुन्या चपलांचा एक जोड आणून तिच्या पिशवीत टाकला. मायलेकींचं माप एकच होतं.

साडेचारची बस होती. उन्हं असतानाच ती मुलीच्या इमारतीखाली पोचणार होती. फोन स्पीकरवर असेल, जावई ऐकेल, मऊ आवाजात काही तरी म्हणेल, हे सगळं तिला माहीत होतं. ऐकू दे. तिला म्हातारीचं एकच वाक्य म्हणायचं होतं आणि ते फाटकाशी उभं राहिल्याशिवाय खरं होणार नव्हतं. म्हणून फोन घरून करायचा नाही, तिथे पोचल्यावर, वर तिच्या खिडकीकडे पाहतच करायचा, असं तिनं ठरवलं.