फाटकाची कडी आणि संमत धोरण

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात दुपारी पाळणाघर आणि खेळघर चालते. नोकरी करणाऱ्या आईबापांची मुले तेथे सांभाळली जातात, असे फलकावर लिहिलेले आहे. मुले तेथे असतात, इतके मी खात्रीने सांगू शकतो. माझी साडेतीन वर्षांची नात त्यांपैकी एक.

ऊन तापू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती फाटकातून सरळ बाहेर पडली. फाटकाची कडी तुटून बराच काळ लोटला होता, आणि फाटक कोणी ओढूनही घेत नसे. येणारेजाणारे सगळे आपलेच, अशी समजूत. गल्लीच्या तोंडाशी खरबुजांची गाडी लावणाऱ्याने तिला पाहिले व हाताला धरून परत आणले. त्याच्या गाडीपलीकडे पलासियाकडे जाणारा रस्ता आहे. त्या रस्त्यावर कोणी कोणासाठी थांबल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, आणखी एकदा असं झालं तर मी नोकरी सोडते." ती नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली आहे आणि ती तिला आवडते. तिने आवाज चढवला नाही, म्हणून मी ते बोलणे मनावर घेतले.

मी मंडळाच्या कार्यकारिणीचा सदस्य आहे. वय झाले की आमच्याकडे माणसाला कार्यकारिणीत घेतात. जिवंतपणी मान दिलेला असला म्हणजे शोकसभा थोडक्यात आटोपता येते. पुढच्या सभेत मी म्हणालो, "फाटकाला कडी बसवा."

अध्यक्ष हसले. "काकाजी, कडीचं काय, ती तर होऊन जाईल. पण आता जमाना पॉलिसीचा आहे. बालसुरक्षेचं धोरण पाहिजे आपल्याला."

पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका तरुण सदस्याने ते काम तत्काळ स्वीकारले. पुण्याहून आलेले लोक इंदूरच्या मराठी माणसांना काहीतरी शिकवण्याची संधी सहसा सोडत नाहीत. महिन्याभरात धोरण तयार झाले. चांगले जाडजूड होते. मुखपृष्ठावर हसरी मुले होती. आमची नव्हती.

सभेत सचिवांनी विचारले, "धोरण सगळ्यांना मोबाइलवर पाठवलेलं आहे. वाचलं असं समजायचं ना?"

"समजा, समजा, भिया," मागून कोणी म्हणाले, "पोहे थंडे होऊन राहिले."

ही आमच्या मंडळाची जुनी कार्यपद्धती. इतिवृत्त असो, घटना असो, न्यायालयाची नोटीस असो, ते वाचले असे समजले जाते आणि मग पोह्यांवर शेव पडते. मी म्हणालो, "मी वाचलेले नाही."

सचिवांनी माझी कीव केली. "काकाजी, वाचायचं नाहीये. वाचलं असं समजायचंय."

मी सारी नोकरी रेल्वेत केली. तेथे सिग्नल पाहिला असे समजत नाहीत. परंतु एका विरुद्ध सर्व अशा मतांनी धोरण संमत झाले, आणि त्यांतला एक वगळून ते एकमताने झाल्याची नोंद झाली. पुणेकरांना शाल व श्रीफळ देण्यात आले. धोरणाचे पहिले पान चौकटीत बसवून फाटकाजवळच्या भिंतीवर टांगले गेले. छायाचित्र काढताना फाटक मध्ये येत होते; म्हणून त्याला वीट लावून ते पूर्ण उघडे ठेवण्यात आले.

त्यानंतरच्या आठवड्यात नात घरी आली ती लाल डोळ्यांनी. जेवता जेवता ताटावर पेंगली. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती सकाळी दाराची चौकट धरून उभी राहिली आणि सोडेना. मी खेळघरात जाऊन मुलांना सांभाळणाऱ्या बाईंना विचारले. त्यांना सगळे दीदी म्हणतात.

"झोपतच नाहीत आबाजी, कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "थोपटायला मना आहे."

"कोणी केली?"

"पॉलिसीने. बच्च्यांना हात नाही लावायचा. सचिवजींनी माझी सही घेतली. हात लावला तर नोकरी गेली माझी."

मी दारातून पाहिले. सतरंजीवर मुले डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती आणि दीदी भिंतीशी हाताची घडी घालून बसल्या होत्या. आमच्या घरांतले मूल पाठीवर हात पडल्याशिवाय झोपत नाही, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसावे; निदान त्या पुस्तकात नव्हते.

त्या संध्याकाळी सूनबाईने मला मोबाइल दाखवला. राजीनामा लिहून तयार होता. पाठवायचा राहिला होता.

मी सचिवांकडून धोरणाची प्रत मागून घेतली आणि वाचली. त्यांना याचे वाईट वाटले.

पुढच्या सभेत इतिवृत्ताचा विषय निघताच मी उभा राहिलो. "मंडळाच्या घटनेप्रमाणे एका सदस्याने मागणी केली तर दस्तऐवज वाचावा लागतो. मी मागणी करतो."

"असं घटनेत आहे?" अध्यक्षांनी सचिवांना विचारले.

"असेल," सचिव म्हणाले. तीही वाचली असे समजलेली होती.

मी वाचू लागलो. हिमवृष्टीच्या दिवशी मुलांना अंगणात सोडू नये. पोहण्याच्या तलावाभोवती खोलीचे फलक लावावेत. समुद्रकिनारी सहल नेताना भरतीची वेळ पाहावी.

"बर्फ? इंदोरमध्ये?" कोषाध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"ते जनरल आहे," पुणेकर म्हणाले. "सगळ्या परिस्थितींसाठी."

"पुण्यात पडत असेल, भिया," मागून आवाज आला. "तिकडे सगळंच असतं."

उन्हाची लू लागण्याबद्दल, पिण्याच्या पाण्याबद्दल धोरण मौन पाळून होते. फाटक हा शब्द त्यात कोठेही नव्हता. मी शेवटचे पान मिटले तेव्हा पोहे खरोखरच थंड झाले होते, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच सर्व सदस्यांना आपण काय संमत केले ते ठाऊक होते.

मग स्पर्शाच्या कलमावर चर्चा झाली. ते खोडून टाका, असे अध्यक्ष म्हणाले. दीदी आपल्याच आहेत. मी विरोध केला. ते कलम मूर्खपणाचे नव्हते. मुलाला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, हा प्रश्न खरा आहे. आमच्या पिढीने तो विचारलाच नाही. ओळखीचा माणूस म्हणजे भला माणूस, असे धरून आम्ही चाललो. फाटकही त्याच समजुतीवर उघडे होते. धोरणाने दिलेले उत्तर चुकीचे होते, एवढेच. शेवटी असे ठरले: झोपवताना पाठीवर, चादरीवरून थोपटावे, खोलीचे दार उघडे असावे, आणि दुसरी एक प्रौढ व्यक्ती तेथे हजर व जागी असावी.

"दुसरी व्यक्ती कोण?" कोषाध्यक्षीणबाईंनी विचारले.

"कार्यकारिणीपैकी," मी म्हणालो.

त्यावर अनेकांना आपापला रक्तदाब आठवला. कोणाचे गुडघे, कोणाची मुलगी अमेरिकेत. पुणेकरांना दुपारी मीटिंगा असतात. माझे नाव कोणी सुचवले ते कळले नाही. माझी संमती आहे असे समजण्यात आले.

कडीचा विषय अध्यक्षांनी पुढील सभेवर ढकलला. तीन दुकानांतून भाव मागवावे लागतील, असे म्हणाले. मी सभा संपल्यावर कृष्णपुऱ्याच्या बाजारात गेलो, लोखंडाच्या दुकानातून कडी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून ती मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर बसवून घेतली. नात मान वर करून पाहत उभी होती.

"आबा, हे काय?"

"कडी."

"माझा हात नाही पुरत."

"पुरू नये म्हणूनच वर बसवली."

"मग मी बाहेर कशी जाणार?"

"जाणार नाहीस."

तिने विचार केला व ते मान्य केले. कार्यकारिणीपेक्षा लवकर केले.

खेळघरात बसायचे म्हणून मला पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागला. ते कलमही धोरणातच होते, आणि योग्य होते. ठाण्यातल्या हवालदाराने माझ्याकडे पाहून विचारले, "बाऊजी, इस उमर में कौन सी नौकरी लग गई?" मी सांगितले, झोपवण्याची. त्याने दाखल्यावर शिक्का मारला.

आता दुपारी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. दीदी एकेका पाठीवरून हात फिरवत जातात. हात पोहोचण्याआधीच अर्धी मुले झोपलेली असतात. दीदींनी हाताची घडी सोडली, एवढे त्यांना पुरत असावे. सूनबाईने राजीनामा पुन्हा दाखवलेला नाही. मीही विचारलेले नाही.

नात मात्र सर्वांत शेवटी झोपते. डोळे मिटलेले असतात, पण ती जागी असते, हे मला ठाऊक आहे.

"आबा, कडी?"

"लावली."

ती कूस बदलते. कडी लावली असे ती नुसते समजत नाही; विचारून घेते. मंडळात तिला कोणी सदस्य करणार नाही.

मग ती झोपते. मी जागा राहतो.