कांताताईंच्या चकत्या

सोनपेठच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते, तेव्हा बोरीहून फोन आला. कांताताईंचे धाकटे भाऊ बसवराजअण्णा बोलत होते. "बाई, ताई गेली... सकाळी पूजेला बसली, ती उठलीच न्हाई." दुसऱ्या दिवशी मळ्यात त्यांना समाधी दिली. आता महिना उलटून गेला, तरी परभणीला कॉलेजात शिरले की माझे पाय आधी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेकडेच वळतात...

मी तिथं रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ताईंचं वय पन्नाशीकडं झुकलेलं होतं. एका दुपारी त्या हातात प्लास्टिकची एक दुधाळ चकती घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. ओळखपाळख काही नाही, थेट प्रश्न. पाण्यात साखर विरघळते तसा बिस्मथ प्लास्टिकमध्ये विरघळवता येईल का? मग चहा पिता पिता त्यांनी सगळं समजावलं. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते पडले की बारीकसा उजेड देणारं प्लास्टिक करता येतं. पण नुसतं प्लास्टिक हलकं, चाळणीतून पीठ जावं तसे बरेचसे किरण त्यातून निघून जातात. त्यांना अडवायला बिस्मथसारखं जड काहीतरी मिसळावं लागतं. ते मिसळलं की चकती गढूळ होते आणि झालेला उजेड आतच अडकतो. हेच काम करणारे बाहेरून येणारे स्फटिक महाग आणि नाजूक. ताईंना हवा होता प्लास्टिकचाच साधा, स्वस्त पत्रा, भंगाराच्या दुकानात टांगता येईल असा. दवाखान्यातली किंवा कारखान्यातली एखादी किरणोत्सारी वस्तू चुकून भंगारात आली, तर तिला हात लावणाऱ्या माणसाला आधी कळावं म्हणून.

त्यानंतरची वर्षं आठवली की अजून नाकात, ज्याचं प्लास्टिक व्हायचं त्या द्रवाचा उग्र वास येतो. काचेच्या नळीत मिश्रण ओतायचं, गरम तेलात ठेवून सावकाश घट्ट होऊ द्यायचं, नळी फोडायची. कधी बुडबुडे, कधी तडा, बहुतेक वेळा दूध. आणि एकदा चकती खरंच स्वच्छ निघाली. ताईंनी ती पेपरावर ठेवून बातमी वाचून दाखवली, बातमी कुठल्याशा बाजारभावाची होती! चकतीनं गॅमा किरण पुरते अडवले की यंत्रावरच्या आलेखात जो उंचवटा यायला हवा, तोही दिसला. शोधनिबंध छापून आला. कॉलेजनं सत्कार ठरवला. झरीच्या त्यांच्या मावशी नवं लुगडं नेसून यायच्या होत्या.

सत्काराच्या आधी दोनएक दिवस ताई टेबल पुसायला लागल्या. किरणांच्या आडोशाला रचलेल्या शिशाच्या विटा त्यांनी बाजूला सरकवल्या आणि सहज पुन्हा नोंद घेतली. उंचवटा गायब. विटा जागेवर ठेवल्या, उंचवटा परत हजर. तो आमच्या चकतीचा नव्हताच. विटांवरून उलटून आलेल्या किरणांचा होता. ताई स्टुलावर बसल्या. विभागप्रमुख मनानं चांगले. त्यांनी सुचवलं की आता सत्कार होऊन जाऊ द्या, मग शांतपणे बघू, विटा हलवायला कोण येतंय?

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हे आपण भंगारवाल्यांसाठी करायलोत. उद्या ह्याच्या भरवशावर एखादा नुसत्या हातानं डबा उघडील. त्याला काय सांगायचं?"

सत्काराच्या दिवशी शाल अंगावर पडायच्या आधीच त्या माइकपाशी गेल्या आणि आमचा निष्कर्ष चुकला आहे, निबंध मागे घेत आहोत, एवढं सांगून खाली उतरल्या. सभागृहात कुणाला टाळी वाजवावी की नाही ते कळेना. मावशींनी मात्र जवळ घेऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पुढं लोक लय बोलले. ताई सुट्टी काढून बोरीला गेल्या. आता काही त्या या कामाला हात लावत नाहीत, असं मला वाटलं होतं. पण परतल्या त्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन, आणि डहाळे खात खातच आम्ही नव्या मिश्रणाचं बोललो.

पुन्हा काही वर्षं गेली. शेवटी एका चकतीनं विटा असोत-नसोत, उंचवटा दाखवला. आधीपेक्षा बुटका, पण आमचा. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेनंही तपासून तेच कळवलं. भंगाराच्या दुकानापर्यंत तो पत्रा अजून गेलेला नाही. त्या वाटेवर आता त्यांचे विद्यार्थी आहेत. या वेळी सत्कार कुणी ठरवला नाही. ताईंनी घरी पुरणपोळी केली, एवढंच.

गेल्या आठवड्यात बसवराजअण्णा ताईंचं सामान न्यायला आले. खिडकीच्या फळीवर वर्षानुवर्षांच्या चकत्या ओळीनं मांडलेल्या होत्या. यातली चांगली कोणती, त्यांनी विचारलं. मी शेवटची, काचेसारखी स्वच्छ चकती दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, बघितली, परत ठेवली. मग पलीकडच्या टोकाची एक गढूळ चकती उचलली. ती पुरती घट्ट व्हायच्या आत ताईंनी कधीतरी दाबून पाहिली असावी. कडेला अंगठ्याचा ठसा उमटून राहिला होता.

"बाई, ही न्हेऊ का?" अण्णांनी विचारलं, आणि त्या ठशावर आपला अंगठा ठेवून ते तसेच खिडकीपाशी उभे राहिले...