प्रेमकथांच्या कपाटावरची पाटी

नाशिकहून सकाळी डहाणूची एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता आणि पायाशी कादंबऱ्यांची पिशवी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "परीक्षेची पुस्तकं का गं?"

"नाही. प्रेमाच्या कादंबऱ्या."

त्यांनी मांडीवरची पर्स दुसऱ्या बाजूला घेतली. त्र्यंबक मागे पडल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "हसायला येईल अशी आहे का एखादी? रडवणाऱ्या नकोत. रडायला घरी सिरियल आहे."

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तर देताना मी थांबत नाही. प्रमिला उंबरजेपासून सुरुवात करा. तिची नायिका तालुक्याच्या पोस्टात शिक्के मारते आणि प्रेमपत्राचा पत्ता चुकला म्हणून लिहिणाऱ्याला खिडकीवर झापते. मग दत्ता कवडीकर. पुरुषाला मूर्ख दिसू देणारा आणि तरी आवडू देणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. पन्नाशी उलटली असेल तर लीला मोहोळे, दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या एका विधुराची आणि एका विधवेची गोष्ट. हसता हसता मनाला कधी लागते कळत नाही. काकूंनी मोहोळे घेतली आणि जव्हारपर्यंत मान वर केली नाही.

आता मी कुठे चालले होते ते सांगते. तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून वेवजी आहे. तिथे बायकांची एक वाचनखोली आहे. खोली आणि कपाट डहाणूच्या एका संस्थेचं, पुस्तकं आमच्या वाचक गटाची. चालवते वैशाली, वेवजीचीच, माझ्याच वयाची. वर्षभर आम्ही फोनवर बोलत होतो, भेट पहिलीच. संस्थेच्या एका सभासदाने तक्रार केली होती की या कादंबऱ्या वाचून मुली लग्नाआधी घर मांडायला शिकतील. मी पोचणार त्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या समितीची बैठक होती. निर्णय विरोधात गेला तर खोली बंद. अशा वेळी मी जे करते तेच केलं. चिडले आणि पत्रक छापलं. त्यात मधोमध, ठळक अक्षरात, एक ओळ होती. या सर्व कादंबऱ्यांचा शेवट विवाहातच होतो, मग भीती कसली?

मला ती ओळ फार आवडली होती.

जव्हार, कासा करत गाडी दुपारी डहाणूला पोचली. वैशाली स्टेशनबाहेरच्या इराण्याकडे बसली होती. ठेंगणी, केसांत अबोलीचा गजरा, स्कूटरची चावी बोटात फिरवत. गल्ल्यावरच्या माणसाशी ती गुजरातीत बोलली, फोनवर घरी वारलीत आणि माझ्याशी मराठीत, मधे श्वासही न घेता.

"फोनवर उंच वाटायचीस," ती म्हणाली.

"तू पण."

चहा झाल्यावर मी म्हटलं, आधी समितीच्या अध्यक्षांकडे पत्रक टाकू. ती म्हणाली, "मला वाचू दे ना एकदा."

"संध्याकाळी वाच. चांगलं झालंय."

अध्यक्ष राऊत सर निवृत्त मुख्याध्यापक. मी भांडायच्या तयारीने गेले होते. सर बागेत चिकूची टोपली निवडत होते. पत्रक घेतलं, चष्मा शोधायला आत गेले, येताना पिकलेले चिकू आणले. म्हणाले, "तुमची ती पोस्टातली बाई वाचली मी. आमची ही तर चपात्या सोडून हसत बसली. पण समितीत मी एकटा नाही, बाळ." भांडण तिथेच बारगळलं. रागावलेल्या माणसाला असं कुणी बाळ म्हटलं की फार अडचण होते.

कोसबाडच्या टेकडीखालून रस्ता जातो तिथे दोन्ही बाजूंना वाड्या आहेत, चिकूची गडद, खाली सावलीच सावली असलेली झाडं. पुढे झाडी विरळ होते, कापलेल्या भाताची शेतं लागतात. हायवेला लागल्यावर आम्ही उंबाडियुं (मडक्यात पाला भरून, मडकं उलटं करून जाळात भाजलेले कंद आणि वालपापडी) खायला थांबलो. मी मडक्याला हात लावला आणि भाजून घेतलं. विकणारा शांतपणे म्हणाला, "बेन, गरम छे." वैशाली म्हणाली, "हे त्याने आधी सांगायला हवं होतं, पण त्याला गंमत हवी असते."

वेवजीत शिरताना माझ्या फोनवर संदेश आला, गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे. मी उभी होते महाराष्ट्रात. वैशालीने सांगितलं, इथे फोन कुठल्या राज्यात आहे ते वाऱ्यावर ठरतं.

संध्याकाळी खोली भरली. काही जणी चिकूच्या वाड्यांतून आलेल्या, काही उंबरगावच्या कारखान्यांतून सुटून. वाचणारी मीना, कॉलेजात जाणारी, आवाज स्वच्छ. तिची आई जानकी भिंतीला टेकून बसली होती, चाळिशीची, हातावर गोंदण. उंबरजेच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण चाललं होतं. नायक पेरू घेऊन नायिकेच्या दारापर्यंत येतो, परत जातो, पुन्हा येतो.

"अरे, शिर ना घरात," जानकी म्हणाली. "पेरू सडल."

"आई, ऐक गं."

"ऐकतेच आहे. दोनशे पानं हा दारातच."

बायका हसून लोळल्या. मग लग्न झालं, मीनाने पुस्तक मिटलं.

"संपलं?" जानकीने विचारलं.

"संपलं."

"हे काय. लगीन लागलं, आता जेवण वाढतील, मग भांडी कोण घासल त्याच्यावर भांडतील. खरी मजा तर पुढंच. लिहिणारी दमली काय?"

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी पत्रकं वाटली. मीनाने उभं राहून वाचलं, त्या ठळक ओळीपर्यंत आली आणि आवाज थोडा खाली गेला. जानकीने पदराने तोंड पुसलं.

"बाय," ती मला म्हणाली (इकडे मुलीला, बाईला मायेने अशी हाक मारतात), "ज्या गोष्टीचा शेवट लग्नात नाही होत, ती वाईट का?"

"नाही, तसं नाही. हे समितीसाठी लिहिलंय."

"मग समितीला वाट. आम्हाला कशाला?"

ती हसतच म्हणाली, पण पत्रक घडी करून माझ्या हातात परत दिलं. पाठोपाठ सगळ्यांनीच दिलं.

घरी जाताना वैशालीने स्कूटर हातात धरून चालत मला समजावलं. रागावली नव्हती, हेच जास्त लागलं. इथल्या पुष्कळ वारली घरांत बाई आणि माणूस आधी एकत्र राहायला लागतात. गाव त्यांना नवरा-बायकोच म्हणतं. लगीन पुढे, जमेल तेव्हा. कधी इतकं पुढे की मुलाच्या मांडवात आईबापांचंही उरकतं. सगळ्या घरांत असंच असतं असं नाही, पण असलं तर कुणी वळून बघत नाही. लग्न लावायला धवलेरी (गाणी म्हणत विधी करणारी बाई) येते, आणि नवरीची पोरं पुढे नाचतात.

"जानकीमावशीचं लग्न होळीनंतर आहे," वैशाली म्हणाली. "मीनाने घागरा शिवायला टाकलाय."

"आणि तू?"

"माझं अजून नाही. सुनीलबरोबर राहते, मुलगी अंगणवाडीत जाते. तुला फोनवर सांगितलं होतं, घरी तिघं आहोत."

सांगितलं होतं. मी लग्न गृहीत धरलं होतं. ज्या तक्रारीवर मी इतकी चिडले होते, तिच्यातला अर्धा भाग, लग्नाआधी घर मांडणं वाईट हा, मी न बघता मान्य करून छापून आणला होता. उरलेली पत्रकं मी त्यांच्या चुलीत घातली. सुनीलने त्यावर भाकरी भाजली, नाचणीची, सोबत सुक्या बोंबलाची चटणी. म्हणाला, "कागद चांगला आहे. लवकर पेटतो." पण एक पत्रक राऊत सरांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी डहाणूत बैठक झाली. लांब टेबल, पंखा बंद, समितीतले बहुतेक नोकरीपेशाचे किंवा निवृत्त. तक्रार करणारे गृहस्थ शांतपणे बोलले. म्हणाले, मला मुली आहेत, मला काळजी वाटते. मी काही बोलायच्या आधी राऊत सरांनी माझं पत्रक वर धरलं.

"या मुलीने आपला प्रश्न सोडवलाय," ते म्हणाले. "एक ओळ आहे इथे. आपण कपाटावर पाटी लावू. या कपाटातील सर्व कादंबऱ्यांचा शेवट विवाहात होतो. झालं. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. तक्रारवाल्यांनीही मान हलवली. जिंकलो होतो, माझ्याच वाक्याने. मी उठले आणि म्हटलं, ती ओळ मी मागे घेते, चुकीची आहे. सर गोंधळले. "अहो, खरी आहे ना? वाचलंय मी."

"पुस्तकांबद्दल खरी आहे," वैशाली म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "पण सर, पाटी खोलीत लागणार. वाचायला बसणार जानकीमावशी. मी रोज कपाट उघडणार. माझं लग्न अजून व्हायचंय, आणि मला मुलगी आहे. पाटीच्या खाली बसून मी तिला काय वाचून दाखवू?"

राऊत सर म्हणाले, "अगं, तुझ्याविषयी कोण बोलतंय. पाटीचीच तर गोष्ट आहे. लाव, आणि वाच काय वाचायचं ते. कुणी बघायला येणार नाही."

"कुणी बघायला येणार नसेल तर लावायची कशाला?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मला त्या क्षणी वाटलं, ते पाटी सोडून देतील. त्यांनी सोडली नाही. पाटीशिवाय समिती ऐकणार नाही, असं म्हणाले, आणि ते बहुधा खरं असावं. वैशालीने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर पडताना सर दारापर्यंत आले आणि म्हणाले, "ती पोस्टवाली बाई नवीन काही लिहील तर मला कळव." मला राग यायला हवा होता. आलाही, पण त्यांच्यावर नीट बसेना.

आम्ही सरळ घरी गेलो नाही. वैशाली स्कूटर धाकट्या डहाणूकडे घेऊन गेली. खाडीत होड्या ओहोटीने कलंडलेल्या, काठावर बोंबील वाळत घातलेले, आणि त्याखालून मांजरं हिंडत होती. जाळं विणणाऱ्या एका कोळणीने विचारलं, "कुठलं गं पाव्हणं?"

"नाशिकचं," वैशाली म्हणाली. "माझी खोली घालवायला आली होती."

"मग, घालवली?"

"घालवली. पण मीच दिली."

कोळणीने आम्हाला बसायला पालथी टोपली दिली. वैशाली थोडं रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, दुसरी किल्ली मीनाकडे आहे, पुस्तकं आजच काढायला हवीत, उद्या कुलूप बदलतील.

संध्याकाळी रिक्षात पुस्तकं भरली. वैशालीचा फोन जाताच जानकीने आपल्या घराचा माळा रिकामा करून ठेवला होता, चुलीच्या बरोबर वर. "धुरानं वाळवी लागत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकांना वास येईल. "येऊ दे. वास आला की कळल कुठनं आलं." बायका ओट्यावर बसल्या आणि मीनाने कवडीकर काढला. खोलीत बसायच्या त्यांच्यापैकी सगळ्या आल्या नव्हत्या. कारखान्यातल्या मुलींना इतक्या आत यायला अंधार होतो. हे नुकसान खरं आहे, ते मी लपवणार नाही.

निघायच्या सकाळी जानकीने मला चिकू बांधून दिले आणि काम सांगितलं.

"तुला लिहिणारे सगळे माहीत. असा एक दे, ज्याच्यात दोघं आधी घर करतात, भांडतात, पोरं होतात, आणि लगीन म्हातारपणाला लागतं. पोरगी आईच्या मांडवात नाचते. पण हसवायला पाहिजे. आमच्यावर नाही हसायचं, आमच्यासंगती हसायचं."

मी तोंड उघडलं आणि नाव आलं नाही. उंबरजे नाही, कवडीकर नाही. मोहोळेसुद्धा नाही, तिच्या विधवेचे मुलगे लग्नाला रुसून येत नाहीत. मी म्हटलं, शोधते.

कासा सोडून गाडी जव्हारच्या घाटाला लागेपर्यंत मी डोक्यातल्या सगळ्या कपाटांतून हात फिरवत होते. नाशिकला आल्यावर दुकानदारांना विचारलं, गटातल्या सगळ्यांना विचारलं. मला लग्नापर्यंत पोचणारे लेखक मिळाले, लग्न मोडणारे मिळाले, लग्नाविरुद्ध लिहिणारे तर ढीगभर. तुम्हाला हसवणारी, मनाला लागणारी प्रेमकथा हवी असेल तर वरची तीन नावं बिनधास्त घ्या, मी त्यांच्यामागे उभी आहे.

परवा जानकीचा फोन आला. "मिळाला का?"

"नाही मावशी. मराठीत नाही."

पलीकडे चुलीवर काहीतरी फोडणीला पडल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली, "मग एखाद्या लिहिणाऱ्याला होळीनंतर मांडवात घेऊन ये. जेवण आहे, गाणी आहेत. बसल एका कोपऱ्यात."

मी चार लेखकांना फोन केले आहेत. अजून कुणी हो म्हटलेलं नाही.