मधली चिठ्ठी

मी थापाड्या आहे, हे आधीच सांगून टाकतो. परदेशात आल्यावर आधी हॅमिल्टन गावी दूध पावडरच्या कारखान्यात होतो, तेव्हा पावडरच्या ढिगात अख्खी गाय सापडली होती, हे मी तीन शहाण्या माणसांना पटवलं होतं. असल्या माणसाला पुढे ज्वालामुखीवर लक्ष ठेवायला नेमलं.

ऑफिसात आम्ही सात जण. डोंगराचे हादरे, वायू, विवरातल्या तळ्याचं तापमान बघायचं आणि लोकांसाठी इशाऱ्याची पातळी ठरवायची. शून्य म्हणजे झोपलाय, पाच म्हणजे पळा. आपला माणूस वर पाठवायचा असला की आणखी एक रीत. प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, स्फोटाची शक्यता शंभरात किती. आमच्या बॉसबाई चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या आणि मधला आकडा धरायच्या. तो दहाच्या वर गेला तर कोणी जायचं नाही.

मी कायम पन्नास लिहायचो. डोंगराने शिंक दिली तरी पन्नास. मधलाच आकडा धरत असल्यामुळे माझ्या पन्नासाने कोणाचं काही बिघडत नव्हतं.

वर जाणारा माझा मित्र होता, मूळचा दादरचा, यंत्रं बसवणारा इंजिनियर. त्या सोमवारी हादरे वाढले होते. पातळी दोन करावी का यावर घोळ झाला आणि एकच राहिली. वरच्या एका यंत्राची बॅटरी मरत आली होती. चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा तो माझ्या कानाशी वाकला.

"पन्नास?"

"बघू."

"अरे, तुझं ऐकत बसलो तर यंत्र बंद पडेल, आणि मग तू डोंगराच्या पोटाला कान लावून बसशील. एकदा तरी माणसासारखा आकडा लिही की!"

त्या दिवशी मला मनापासून वीस वाटत होते. मी पाच लिहिले. माणसासारखे.

बाईंनी चिठ्ठ्या लावल्या, चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पाच. जायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास डोंगर फुटला. ढग किती उंच गेला हे मी एरवी वाढवून सांगितलं असतं. इथे सांगत नाही. आम्ही पातळी तीन केली. ती सूचना मीच टाइप केली, आणि तोवर हेलिकॉप्टरला तो सापडला नव्हता.

वाचला. दोन्ही हात भाजले, उजव्याची बोटं काढावी लागली.

नंतर बाईंनी मला एकट्याला बोलावून चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. तीन दहाच्या वर, तीन पाचाच्या खाली. मधली माझी. मी वीस लिहिले असते तर मधला आकडाही दहाच्या वर गेला असता. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि खिडकीकडे बघत बसल्या.

हॉस्पिटलात, दोन्ही हात पट्ट्यांत असताना, त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"तू किती लिहिले होतेस रे?"

"पन्नास."

त्याने डोळे मिटले. "गाढव आम्ही. तुझं कोणी ऐकलं नाही."

आता न्यू लिनला, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, तो मला जेवायला हाक मारून शेजारी बसवतो. नव्या माणसांना सांगतो, "हसू नका ह्याला. अख्ख्या ऑफिसात एकट्या ह्यालाच कळलं होतं." लोक खरोखर हसत नाहीत. वहिनी माझ्या पानात आग्रहाने जास्तीचा मोदक वाढतात. मी मान खाली घालून त्याच्या पानातली पुरी तोडतो, भाजीत बुडवतो आणि घास त्याच्या तोंडाशी नेतो.